फळबागेतील मित्रकीटक कसे सांभाळावेत: खान्देशातील बागायतदारांसाठी

डाळिंबाच्या देठाशी पांढरा, कापसासारखा पुंजका दिसला की तो पिठ्या ढेकूण आहे असे धरून लगेच औषधाची तयारी केली जाते. बहुतेक वेळा तो पिठ्या ढेकूणच असतो. मात्र त्याच पुंजक्यात एखादा जीव इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट लांब दिसला, त्याच्या अंगावर मेणाचे लांबट धागे असले आणि काडीने डिवचताच तो चटकन चालू लागला, तर तो पिठ्या ढेकूण नसून त्यालाच खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला. आज तो प्रयोगशाळांत वाढवून विकला जातो. म्हणजे एक शेतकरी जो कीटक पैसे देऊन आणतो, तोच कीटक दुसरा शेतकरी कीड समजून मारतो, असे प्रत्यक्षात घडत असते.

या लेखात मुख्यतः आपल्या बागेत आधीपासून असलेले मित्रकीटक टिकवण्याविषयी लिहिले आहे. त्यांचे दोन गट आहेत. परभक्षी कीटक आपल्या आयुष्यात अनेक किडी पकडून खातात. ढालकिडे, जाळीदार पंखांचा क्रायसोपा, सिरफिड माशी, प्रार्थनाकीटक आणि जाळी विणणारे कोळी हे या गटात येतात. परोपजीवी कीटक म्हणजे बहुधा डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधीलवर्गीय माशा. त्या किडीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची अळी किडीला आतून खाऊन टाकते. विकत आणलेल्या मित्रकीटकांचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे, कारण ज्या बागेत आपणहून आलेले मित्रकीटक जगत नाहीत, तिथे विकत आणलेलेही जगत नाहीत.

आधी ओळख पटवावी

लाल किंवा नारिंगी पाठीचा, गोलसर ढालकिडा जवळजवळ सर्वांना ओळखता येतो. अडचण त्याच्या अळीची असते. ढालकिड्याची मादी पानाच्या मागील बाजूस, माव्याच्या वस्तीजवळ, पिवळसर अंडी पुंजक्याने उभी घालते. त्यांतून निघणारी अळी लांबट, काळपट राखाडी रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि सहा पायांनी भराभर चालणारी असते; तिची ठेवण पाहिली तर मगरीच्या पिल्लाची आठवण होते. मावा खाण्याचे मोठे काम ही अळीच करते आणि ‘बागेत नवी कीड आली’ म्हणून फोन येतात तेही हिच्याबद्दलच. पुढे ती पानालाच चिकटून कोष करते आणि त्या अवस्थेत हलत नाही, त्यामुळे कोष खरवडून टाकण्याचाही प्रकार होतो. पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेला ढालकिडा कपाशी, चवळी आणि फळबागा या सर्व ठिकाणी आढळतो, तर सात ठिपक्यांचा ढालकिडा रब्बीच्या थंडीत अधिक दिसतो. वांग्याची पाने खरवडून खाणारा, पाठीवर पुष्कळ ठिपके असलेला निस्तेज रंगाचा भुंगेरा याच कुळातला असला तरी तो शाकाहारी आहे. त्याची पिवळी अळी काटेरी असते, यावरून तो वेगळा ओळखावा.

क्रायसोपाचा प्रौढ कीटक नाजूक, हिरवट, पारदर्शक जाळीदार पंखांचा आणि सोनेरी डोळ्यांचा असतो, व रात्री दिव्याभोवती येतो. त्याचे अंडे एकदा पाहिले की विसरत नाही, कारण ते केसाएवढ्या बारीक, उभ्या देठाच्या टोकावर असते. अशी अंडी ओळीने दिसली की अनेकांना ती बुरशी वाटते. अळीला पुढे वळलेले दोन टोकदार जबडे असतात. ते ती मावा, फुलकिडे, पिठ्या ढेकणाची पिल्ले आणि लिंबावरील काळ्या माशीची पिल्ले यांच्या अंगात खुपसून रस शोषते. काही जातींच्या अळ्या मारलेल्या किडींची टरफले आणि कचरा पाठीवर वाहून नेतात, म्हणून पानावर कचऱ्याचा गोळा चालताना दिसला तर तो चिरडू नये.

सिरफिड माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी वाटते, परंतु तिला नांगी नसते, पंखांची एकच जोडी असते आणि ती फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहते. तिची हिरवट, बिनपायांची अळी माव्याच्या वस्तीत पडून असते. प्रार्थनाकीटकाचे अंडकोष फांदीला चिकटलेल्या घट्ट, तपकिरी फेसाच्या गोळ्यासारखे असतात. छाटणीच्या वेळी अशी फांदी दिसली तर ती जाळात न टाकता बागेतच एखाद्या झाडाला बांधून ठेवावी. फुलकिडे खाणारे ढेकणाच्या कुळातील बारीक काळसर कीटक, लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अतिसूक्ष्म कोळीवर्गीय कीड) खाणारे भक्षक कोळी आणि अळ्या उचलून नेणाऱ्या गांधीलमाश्या यांचीही ओळख हळूहळू होते. भक्षक कोळी पाहण्यासाठी मात्र दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. लाल कोळी जाळीत संथपणे वावरतो, भक्षक कोळी पानावर वेगाने पळतो आणि त्याचे अंग चकचकीत असते.

परोपजीवी माशी क्वचितच दिसते, पण तिच्या कामाच्या खुणा दिसतात. माव्याच्या वस्तीत काही मावे फुगलेले, तपकिरी, कडक आणि जागेवरच चिकटलेले असतील, तर त्यांच्या आत परोपजीवीची वाढ चालू असते किंवा ती पूर्ण होऊन माशी गोल भोक पाडून बाहेर पडलेली असते. लिंबावरील काळी माशी आणि पांढरी माशी यांच्या कोषांवरही असेच वाचन करता येते. कोषातून कीड स्वतः बाहेर पडली असेल तर पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते, आणि परोपजीवी बाहेर पडला असेल तर स्वच्छ गोल छिद्र दिसते. भिंगाखाली अशी गोल छिद्रे बऱ्याच कोषांवर दिसू लागली, म्हणजे बागेत काम आपोआप सुरू आहे असे समजावे आणि निदान त्या भागात औषध मारू नये.

मोजणी आणि थांबण्याची तयारी

आठवड्यातून एकदा, सकाळी उन्हाचा चटका वाढण्यापूर्वी, बागेच्या चारही कडांची आणि मधली मिळून वीसेक झाडे पाहावीत. फांदीखाली पांढरे कापड किंवा कागद धरून फांदीला दोन-तीन टपल्या माराव्यात आणि कापडावर पडलेल्या किडी व मित्रकीटक वेगवेगळे मोजावेत. वहीत किडीचा एकच रकाना न ठेवता त्याच्या शेजारी मित्रकीटकांचाही रकाना ठेवावा. हे काम सालदारावर सोपवायचे असेल तर त्याला दोन्ही प्रकारचे जीव प्रत्यक्ष दाखवावेत, कारण पंप बहुधा त्याच्याच पाठीवर असतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेने पीक परिसंस्था विश्लेषणाची जी पद्धत रुजवली आहे, तीत दोन किडींमागे एक मित्रकीटक असे प्रमाण असेल तर फवारणी टाळता येते, असा साधारण नियम सांगितला आहे. हा नियम आंधळेपणाने वापरू नये. ढालकिड्याची एक अळी आणि एक छोटा कोळी यांची भूक सारखी नसते आणि किडीचा प्रकारही पाहावा लागतो. तरीही केवळ किडी मोजून निर्णय घेण्यापेक्षा हा नियम कितीतरी बरा आहे.

खरी परीक्षा पहिल्या आठवड्याची असते. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते आणि अनुकूल हवेत ती पिल्ले आठवडाभरातच स्वतः प्रसवू लागतात. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून कीड नेहमी पुढे आणि मित्रकीटक मागे असतो. हे अंतर त्यांच्या वाढीतच आहे, तो मित्रकीटकांचा नाकर्तेपणा नव्हे. या मधल्या काळात शेंडे चिकट होतात, पाने वळतात आणि फवारणीचा मोह अनावर होतो. अशा वेळी चार-पाच दिवसांनी पुन्हा तीच झाडे पाहावीत. ढालकिड्यांची अंडी व अळ्या वाढल्या असतील आणि नव्या शेंड्यांवर मावा पसरत नसेल, तर थांबावे. कीड वाढत असून मित्रकीटक दिसत नसतील, तर उपाय करावा, परंतु तो फक्त प्रादुर्भाव झालेल्या झाडांपुरता करावा. बागेच्या एका कोपऱ्यातील पंधरा झाडांवर मावा असताना दोन हजार झाडांवर औषध मारणे हे बागेतील सर्व मित्रकीटक एका दिवसात संपवण्यासारखे आहे, आणि खर्चाचा हिशोब तर वेगळाच.

किडीचा पूर्ण नायनाट हे ध्येय ठेवले तर मित्रकीटक टिकणार नाहीत, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खायला काहीच नसेल तर ते उडून जातील किंवा उपाशी मरतील. थोडी कीड बागेत राहू देणे हाही व्यवस्थापनाचाच भाग आहे. ज्या बागायतदाराला पानावर एकही मावा खपत नाही, त्याने हा मार्ग धरू नये.

औषधाची निवड

डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाविषयीचा गैरसमज आधी दूर करावा. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे त्रिकोण त्या औषधाची माणसासाठी आणि सस्तन प्राण्यांसाठी असलेली तीव्रता दाखवतात. मित्रकीटकांशी त्यांचा काही संबंध नाही. हिरवा त्रिकोण पाहून ‘हे औषध सौम्य आहे, ढालकिड्यांना काही होणार नाही’ असे मानणे चुकीचे आहे.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे आणि क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमिथोएट ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातील औषधे कीड आणि मित्रकीटक असा भेद करत नाहीत. विशेषतः पायरेथ्रॉइड फवारल्यानंतर भक्षक कोळी मरतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाल कोळी उसळून येतो. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात, जेव्हा लाल कोळ्याला हवा आधीच अनुकूल असते, तेव्हा ही औषधे फळबागेत टाळावीतच. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात भिनत असल्याने परभक्षींना ती सुरक्षित वाटतात, परंतु त्यांचा अंश परागात आणि मधुरसात उतरतो, व प्रौढ अवस्थेत पराग आणि मधुरसावर जगणाऱ्या क्रायसोपा, सिरफिड माशी, परोपजीवी माश्या आणि मधमाश्या यांना त्याची झळ बसते. बागेत किंवा बागेखालच्या गवतात फुले असताना ही औषधे वापरू नयेत.

बुप्रोफेझीनसारखी वाढरोधक औषधे अधिक विचारपूर्वक हाताळावी लागतात. ती परोपजीवी माश्यांना तुलनेने कमी घातक आहेत आणि म्हणून त्यांना सरसकट ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ म्हटले जाते. ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या यांच्यावर मात्र त्यांचा वाईट परिणाम होतो, आणि प्रौढ भुंगेरे डोळ्यांसमोर जिवंत फिरत राहिल्याने तो लवकर लक्षातही येत नाही. पिठ्या ढेकणावर ढालकिडे काम करत असतील तर हे औषध थांबवावे.

कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. तेथे ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका कापशी खवले किडीने बागा उजाड केल्या, तेव्हा १८८८-८९ च्या सुमारास त्याच देशातून वेडालिया नावाचा ढालकिडा आणून सोडण्यात आला आणि थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आली. पुढे अनेक दशके तिच्यासाठी वेगळा उपाय करावा लागला नाही. १९४० च्या दशकात बागांवर डीडीटी फवारले जाऊ लागले, ढालकिडे मेले आणि तीच कीड पुन्हा वर आली. औषध जरी दुसऱ्याच किडीसाठी मारले, तरी किंमत कोणती कीड वसूल करील हे सांगता येत नाही.

मित्रकीटकांना कमी धक्का लावणारे उपाय म्हणजे निंबोळी अर्क, बागायती खनिज तेल, पोटॅशयुक्त साबणाचे द्रावण आणि जैविक बुरशी. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून घ्यावी, त्यात सुमारे दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळावा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. साबण आणि तेल फक्त अंगावर पडलेल्या किडीला मारतात आणि वाळल्यावर त्यांचा अंश राहत नाही. म्हणून ते पानांच्या मागे पोचणे आवश्यक असते, आणि भर उन्हात मारल्यास पाने करपतात. लेकॅनिसिलियम, मेटारायझियम आणि ब्युव्हेरिया या बुरशींना ओलावा लागतो. खान्देशात त्यांचा उपयोग पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला, सूर्य मावळताना केलेल्या फवारणीत होतो. मेमधील पारा ४२-४४ अंशांवर असताना त्या मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पाण्यात विरघळणारे गंधक बुरशीनाशक म्हणून आणि लाल कोळ्यासाठी सर्रास वापरले जाते, परंतु भक्षक कोळ्यांना ते मारक आहे हे ध्यानात ठेवावे.

रासायनिक औषध मारणे भागच असेल तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलेच घ्यावे, संध्याकाळी मारावे आणि एकाच दिवशी सगळी बाग न फवारता ओळी सोडून मारावे. उरलेल्या ओळींत वाचलेले मित्रकीटक फवारलेल्या ओळींत परततात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारताना हे साधणे कठीण जाते, म्हणून मोजक्या झाडांसाठी पाठीवरचा पंपच बरा.

मुंग्यांचा बंदोबस्त

ज्या बागेत सर्व काळजी घेऊनही पिठ्या ढेकूण हटत नाही, तिथे खोडाकडे पाहावे. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्या अंगातून गोड चिकटा स्रवतो. तो मिळवण्यासाठी मुंग्या आणि मुंगळे या किडींची राखण करतात, ढालकिड्यांना चावून हाकलतात, त्यांची अंडी उचलून नेतात आणि परोपजीवी माशीला किडीवर बसू देत नाहीत. मुंग्यांची ये-जा थांबवली की अनेकदा दुसरा कोणताही उपाय न करता कीड उतरू लागते. त्यासाठी जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटून झाडाचा घेर जमिनीपासून फूटभर वर घ्यावा, खोडाला टेकलेले तण काढावे, बांबूच्या किंवा लोखंडी आधारावरून मुंग्या चढत नाहीत ना ते पाहावे आणि मग खोडाभोवती चिकट पट्टी लावावी. चिकट पदार्थ थेट सालीला न फासता आधी कागदाची किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी आणि तिच्यावर लावावा, नाही तर कोवळी साल इजा पावते. धूळ बसून पट्टी निकामी होते. उन्हाळ्यात ती वरचेवर बदलावी लागते.

धुळीचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच पुरा करावा. कच्च्या रस्त्यालगतच्या ओळींत लाल कोळी आणि खवले कीड जास्त असल्याचे दिसते, त्याचे एक कारण असे की पानांवरील धुळीत परभक्षी आणि परोपजीवी कीटकांना शोध घेणे जड जाते. रस्त्याकडेला शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ घ्यावी आणि फळतोडणीच्या दिवसांत गाड्यांची वर्दळ असताना रस्त्यावर पाणी मारावे.

बांध, शिवार आणि हंगाम

मित्रकीटकांचे खरे घर बागेबाहेर असते. फाल्गुन-चैत्रात बांध पेटवून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे, आणि जे बांध पेटवले जात नाहीत त्यांच्यावर तणनाशक मारले जाते. दोन्हींचा परिणाम एकच होतो. वाळल्या गवतात, पालापाचोळ्यात आणि झुडपांच्या सावलीत उन्हाळा काढणारे ढालकिडे, कोळी, भुईभुंगेरे आणि प्रार्थनाकीटकांचे अंडकोष नष्ट होतात, आणि पहिल्या पावसानंतर कोवळ्या पालवीवर कीड आली की तिला अडवणारे कोणी उरत नाही. बांधाची निदान एक बाजू तशीच ठेवावी, बाकीचे गवत कापून बागेतच आच्छादन म्हणून पसरावे. याला एक अपवाद गाजरगवताचा आहे. पिठ्या ढेकणाच्या अनेक जाती त्यावर पोसतात, म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी उपटावे. दुसरा अपवाद कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. जळणासाठी त्या बागेच्या बांधावर रचून ठेवल्या तर त्यांच्यावरचा पिठ्या ढेकूण सरळ बागेत उतरतो.

तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी घेणाऱ्यांना एक गोष्ट परिचित असेल. पौषात दादरीच्या पानांवर आणि पोग्यात मावा येतो, पाने चिकट्याने चमकू लागतात, आणि पाठोपाठ ढालकिडे व सिरफिड माश्या मोठ्या संख्येने येतात. दादर वाळू लागली की ते नव्या चाऱ्याच्या शोधात आसपासच्या शिवारात पांगतात. लिंबू आणि डाळिंबाच्या आंबे बहाराची कोवळी पालवी याच सुमारास फुटते. ज्याची बाग दादरीच्या वावराला लागून आहे, त्याने त्या काळात बागेत सरसकट फवारणी करणे म्हणजे दारी आलेली फौज परतवून लावणे होय. दादरीवरील माव्यावरही शक्यतो औषध मारू नये.

डाळिंबाच्या बागेची एक खास अडचण आहे. बहार धरताना पाणी तोडून आणि इथ्रेल फवारून पानगळ केली जाते, तेव्हा झाडावर राहणाऱ्या मित्रकीटकांचे छत्रच नाहीसे होते. नवी पालवी येते तेव्हा तिच्यावर मावा आणि फुलकिडे लगेच पोचतात, परभक्षींना मात्र दुरून यावे लागते. म्हणून पानगळीच्या तीन-चार आठवडे आधी बांधावर आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात चवळी, धणे, बडीशेप, मोहरी किंवा झेंडू पेरून ठेवावा, म्हणजे पानगळीच्या काळात मित्रकीटकांना जवळच आसरा आणि अन्न मिळेल. धणे, बडीशेप, शेपू यांची फुले उथळ असल्याने आखूड तोंडाच्या परोपजीवी माश्यांनाही त्यांतील मधुरस घेता येतो. चवळीवरील काळा मावा मुख्यतः कडधान्यांवर राहतो आणि ढालकिड्यांना पोसतो. सर्व बियाणे एकदम न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत पेरले तर फुले अधिक काळ मिळतात. लिंबू-मोसंबी सदाहरित असल्याने तिथे ही अडचण येत नाही. ज्यांच्याकडे दोन्ही बागा आहेत, त्यांनी लिंबाच्या बागेकडे मित्रकीटकांचे कोठार म्हणून पाहावे आणि तिथे फवारणीचा हात आणखी आखडता घ्यावा.

वैशाखात परभक्षी सावली आणि ओल शोधतात. ठिबकच्या नळीखाली पालापाचोळ्याचे जाडसर आच्छादन ठेवले तर कोळी आणि भुईभुंगेरे तिथे तग धरतात. पक्ष्यांसाठी शेजारच्या मोकळ्या वावरात थांबे उभारावेत. कोतवाल आणि वेडा राघू पतंग व अळ्या टिपतात. फळे पिकण्याच्या काळात बागेतील थांबे मात्र काढून घ्यावेत, कारण इतर पक्षीही त्यांचा उपयोग करतात.

सापळे आणि छाटणी

पिवळे चिकट सापळे किडीची चाहूल घेण्यासाठी आहेत. एकरी शे-दोनशे सापळे टांगून कीड संपवण्याचा प्रयत्न केला तर त्यांच्यावर पांढऱ्या माशीबरोबर ढालकिडे, क्रायसोपा आणि परोपजीवी माश्याही चिकटतात. आठ दिवसांनी सापळा उतरवून भिंगाने पाहावा. त्यावर मित्रकीटक जास्त दिसत असतील तर संख्या कमी करावी. प्रकाश सापळे रात्रभर चालू ठेवू नयेत. संध्याकाळी अंधार पडल्यापासून दहापर्यंत ते पुरेसे आहेत.

छाटलेल्या फांद्यांवर परोपजीवी माश्यांची वाढ चालू असलेल्या किडी असतात. अशा फांद्या बागेच्या कडेला बारीक जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवल्या तर परोपजीवी बाहेर पडतात आणि कीड आत अडकते. डाळिंबात तेल्या रोग (जिवाणूजन्य करपा) असेल तर मात्र ही पद्धत वापरू नये. रोगट फांद्या आणि फळे ताबडतोब बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. तिथे मित्रकीटकांची दया करणे परवडत नाही.

जिथे मित्रकीटक पुरे पडत नाहीत

केळीतील हरण्या रोग म्हणजे काकडीवरील मोझॅकचा विषाणू, आणि तो मावा पसरवतो. माव्याने झाडावर क्षणभर सोंड खुपसली तरी रोग लागतो, त्यामुळे नंतर ढालकिड्याने तो मावा खाल्ला तरी उपयोग नसतो. तिथे रोगट झाडे मुळासकट काढून नष्ट करणे, बाग तणमुक्त ठेवणे आणि काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची, वांगी व चवळी बागेत किंवा लगत न घेणे हेच मुख्य उपाय आहेत. म्हणून वर सांगितलेली चवळीची ओळ केळीसाठी नाही. रावेर-यावल भागातील बागायतदारांनी वाऱ्याला आडोसा देणारी शेवरी आणि गजराज गवत यांच्यावरच भर द्यावा. केळीच्या घडावरील फुलकिड्यांसाठी स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची पिशवी) वेळेवर घातली तर नंतरच्या फवारण्या वाचतात, आणि वाचलेली प्रत्येक फवारणी मित्रकीटकांच्याच पथ्यावर पडते.

शहादा-नंदुरबारकडील पपईचेही तसेच आहे. रिंगस्पॉट विषाणू पसरवणारा मावा पपईवर वस्ती करत नाही, तो येता-जाता सोंड खुपसतो; म्हणून पपईच्या झाडावरचे परभक्षी तो रोग थांबवू शकत नाहीत. पपईवरील पिठ्या ढेकणाची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. ही परदेशी कीड २००८ मध्ये कोईमतूर भागात आढळली आणि झपाट्याने पसरली. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तिचे परोपजीवी आणले, त्यांपैकी असेरोफॅगस ही बारीक माशी इतकी चांगली स्थिरावली की अनेक ठिकाणी फवारण्या बंद करता आल्या. पपईवर हा ढेकूण दिसल्यास त्यातील काही फुगलेले, तपकिरी आणि छिद्र पडलेले आहेत का, ते आधी पाहावे. तसे दिसत असतील तर ही माशी पोचलेली आहे आणि औषध मारणे हानिकारक ठरेल.

फळ पोखरणारी अळी एकदा डाळिंबात शिरली की कोणताही परभक्षी तिथे पोचत नाही. पोखरलेली फळे वेचून नष्ट करणे आणि अंडी घालण्याच्या काळात फळांना आवरण घालणे एवढेच हाती राहते.

विकत आणून सोडायचे असल्यास

पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस आणि माव्यासाठी क्रायसोपा हे सहज मिळणारे पर्याय आहेत. मागणी नोंदवण्याआधी बागेत शेवटची फवारणी कोणती आणि केव्हा झाली ते वहीत पाहावे. पायरेथ्रॉइड किंवा ऑर्गेनोफॉस्फेट असेल तर निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत. मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा. क्रिप्टोलिमस सोडण्यासाठी पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि दिवाळीपर्यंतचा काळ चांगला. कडक उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत त्याचे काम मंदावते. पाकीट आले की ते सावलीत उघडून भुंगेरे चालते-फिरते आहेत का ते तपासावे आणि त्याच संध्याकाळी सोडावेत, घरात ठेवून देऊ नयेत. मोठ्या झाडाला साधारण दहा भुंगेरे या हिशोबाने, जिथे पिठ्या ढेकूण प्रत्यक्ष दिसतो त्याच झाडांवर, फांदीच्या बेचक्यात ते हलकेच सोडावेत. सगळ्या बागेत सारखे वाटले तर निम्मे उपाशी राहतात. पिवळे सापळे त्या आधीच उतरवून ठेवावेत. तीन-चार आठवड्यांनी त्या झाडांवर मेणाचे धागे असलेल्या अळ्या दिसल्या, तर ढालकिड्याने बागेत प्रजनन सुरू केले असे समजावे. त्या दिसल्या नाहीत, तर दुसऱ्या पाकिटाची मागणी नोंदवण्यापूर्वी खोडावरच्या मुंग्या आणि वहीतील फवारणीच्या नोंदी पुन्हा एकदा तपासाव्यात.